सकाळची भाकर कोण थापणार, आक्का?

आक्का, तुझा मोबाईल माझ्याकडं आहे. आष्ट्याहून साताऱ्याला परत येताना तुझं पवित्र शास्त्र, तुझा चष्मा आणि हा मोबाईल एवढंच मी पिशवीत घातलं. शास्त्र कपाटात शहाण्यासारखं बसलंय, चष्माही गप्प आहे. हा मोबाईल मात्र रोज पहाटे तुझ्या गजराची वेळ झाली की घर उठवतो. सुमन म्हणते, बंद करा की तो गजर, माणूस गेलं आता. गजर बंद करता येतो मला. पण हात धजत नाही.

गजर झाला की तू उठायचीस, तोंड धुवायचीस, चहाचं आधण ठेवायचीस आणि ते उकळेपर्यंत मोबाईलमध्ये बोलून ते ग्रुपवर धाडायचीस. एक वचन, त्यावर चार वाक्यं आणि शेवटी प्रार्थना. मागं पातेल्याची खदखद ऐकू यायची. 'सकाळची भाकर' हे नाव तूच ठेवलंस. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज भाकर मागतो, मग ती थापायला कुणीतरी लवकर उठायला नको का, असं तुझं म्हणणं. चहा उतू जायच्या आत आमेन म्हणायचं, हा तुझा नियम. पाळकसाहेबांनाही हा नियम लावावा असं मी एकदा उपासनेनंतर म्हणालो, तर साठी उलटलेल्या माझ्या पाठीत तू सगळ्या मंडळीदेखत धपाटा घातलास.

आता तुझ्या त्या ग्रुपवर रोज सकाळी शांतता असते. कुणी ग्रुप सोडत नाही आणि कुणी काही बोलतही नाही. तुला माती देऊन आलो त्या दिवशी गॅसवाला महादेव दारात उभा राहिला. रिकामी टाकी न्यायला आला असेल असं मला वाटलं. टाकीकडं त्यानं बघितलंही नाही. म्हणाला, "सुभेदार, उद्यापास्नं सकाळी कोण बोलणार? तुमीच बोला. आवाज घरचाच पायजे." मी म्हटलं, बघू. तुला ठाऊक आहे, मी बघू म्हणालो की त्याचा अर्थ नाही असा असतो.

हा महादेव तुझ्या ग्रुपात आलाच कसा, ते आठवून अजून हसू येतं मला. तुला मंडळीतल्या बायकांचा प्रार्थनेचा ग्रुप करायचा होता. कुणाला विचारायचं नाही, सगळं आपणच करायचं, हा तुझा जुना नर्सिंगचा खाक्या. नाव दिसेल त्याला टिचकी मारत गेलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे तुझं पहिलं वचन मंडळीतल्या बायकांबरोबर गॅसवाला महादेव, औषधाच्या दुकानातला पाटील, नळ दुरुस्त करणारा, बँकेतला शिपाई आणि कडेगावचा हणमंत अशा सगळ्यांच्या घरी जाऊन धडकलं. हणमंत माझ्याच पलटणीतला हवालदार, आता उसाची शेती बघतो. त्यानं मला फोन करून विचारलं, "आवं सुभेदार, ताईंनी आमाला बी घेतलंय व्हय? काय करायचं आसतं ह्याच्यात?"

मी तुला फोन करून झाडलं. म्हटलं, आक्का, काढ त्या लोकांना, कुणी उगाच काही बोलेल. तू म्हणालीस, घ्यायचं कसं ते कळलंय, काढायचं कसं ते येत नाही. मी विश्वास ठेवला. पुढं एका शहाण्यानं निवडणुकीचे निरोप टाकायला सुरुवात केली, तर दुपारपर्यंत तू त्याला बाहेर काढलंस. म्हणजे काढायला तुला पहिल्यापासून येत होतं. तुझ्यासारखी भाविक बाई माझ्याशी इतकं बेमालूम खोटं बोलू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

मंडळीतल्या एक-दोघांनी कुरकूर केलीच, की बाहेरच्यांपुढं आपली प्रार्थना कशाला. तू म्हणालीस, मी कुणाला या म्हटलं नाही आणि जा तर मुळीच म्हणणार नाही. विषय संपला. तुझ्या वचनाखाली मंडळीतल्या बायका 'आमेन' लिहायच्या, महादेव 'राम राम आक्का' लिहायचा, आणि मी 'हजर' लिहायचो. पलटणीत सकाळी जे म्हणायचं ते जन्मभर अंगात मुरलं, दुसरं सुचायचं नाही. तू एकदा विचारलंस, "बाळ्या, तू आमेन म्हणतोस का हजेरी देतोस रं?" मी म्हटलं, देवाला फरक कळत असेल. आपल्या एवढ्या भांडणांत मी जिंकलेलं हे एकच.

महादेवनं तुला पहिल्याच आठवड्यात सूचना केली होती. तो ते टेम्पो चालवताना ऐकायचा, टाक्यांच्या खडखडाटात तुझा आवाज बुडायचा. "आक्का, जरा मोठ्यानं बोला," असं त्यानं लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तू अशी बोलायला लागलीस की मला मोबाईल कानापासून लांब धरावा लागे. देवाला ऐकू येतं गं, मी म्हणायचो. देवाला येतं, महादेवला येत नाही, तू म्हणायचीस.

तुझी भाकर साधी असायची. मोठं ज्ञान तू कधी सांगितलं नाहीस. एकदा म्हणालीस, देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, मग प्रार्थना कशाला, असं लोक विचारतात. तर लेकरू शाळेतून येऊन आईला सगळं सांगतं, ते काय आईला खबर लागावी म्हणून? आईजवळ बसायला मिळतं म्हणून सांगतं. एकदा म्हणालीस, जे तोंडानं मागितलंत त्यातलं थोडं हातानं करून बघा, मग देवाला तुमचं मागणं खरं वाटेल. आणि त्याच दिवशी महादेवच्या पाठदुखीसाठी प्रार्थना करून पुढं सांगून टाकलंस, की वरच्या मजल्यावरच्यांनी टाकी उचलताना त्याला दुसरा हात द्यावा. प्रार्थनेच्या आत घरकामाच्या सूचना देणारी तू एकटीच असशील. पण महादेव सांगत होता, लोक खरोखर खाली यायला लागले.

आणि हणमंताचा ऊस आठवतो का? तुरे आले तरी तोडणीची टोळी त्याच्या रानात येईना. त्यानं ग्रुपात भीत भीत लिहिलं, 'ताई, उसासाठी मागितलेलं चालतं का?' तू सकाळी मोठ्यानं मागितलंस. मी मागाहून तुला म्हटलं, देवाला काय तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा चिटबॉय समजलीस का? तू म्हणालीस, "त्याच्या जिवाला घोर लागलाय न्हवं? मग झालं तर." टोळी आली. तुझ्यामुळं आली की पाळीनं आली, यावर आपण पुढं कितीतरी रविवार भांडलो. तू म्हणायचीस, पाळीनं आली तरी आभार मानायला काय जातं.

त्या आभारापायीच हणमंत आपल्या देवळात कापणीच्या सणाला आला. गुऱ्हाळावरून गुळाची ढेप आणली होती त्यानं, फडक्यात बांधून. ती वेदीपुढं भोपळ्यांच्या, कणसांच्या आणि एका बांधलेल्या कोंबड्याच्या शेजारी ठेवली आणि हात जोडून मागं जाऊन बसला. उपासना संपली आणि नेहमीप्रमाणं वाहिलेल्या वस्तूंचा देवळाच्या मदतीसाठी लिलाव सुरू झाला. हे त्याला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आपल्यात लहानपणापासून बघितलेलं, त्यात काय सांगायचं. ढेपेवर मी बोली लावली. हणमंताला वाटलं, देवाला दिलेली वस्तू हे लोक विकून टाकायला निघाले. तो उठला आणि माझ्यावर बोली चढवली. मी चढवली, त्यानं अजून चढवली. मी डोळ्यांनी खुणा करतोय आणि हा लाल होऊन माझ्याकडं बघतोय. शेवटी आपलीच ढेप आपणच विकत घेऊन त्यानं परत वेदीपुढं नेऊन ठेवली. पाळकसाहेबांना पुढं काय करावं कळेना. तू बायकांच्या रांगेत पदरात तोंड घालून अशी हसत होतीस की बाक हलत होता. नंतर तूच त्याला बाहेर नेऊन सगळं समजावलंस आणि म्हणालीस, भाऊ, दोनदा देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्या दिवसापासून तो तुला मानायला लागला.

मग तुझं पोट दुखायला लागलं. सांगलीला दाखवलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तू मुळातली नर्स, मला बाजूला घेतलं म्हणजे काय ते तुला मी परत यायच्या आधीच कळलं होतं. मी आलो तर तू म्हणालीस, चहा पिऊन आलास का. तुला ठेवून घेतलं. तरीही पहाटे भाकर चुकली नाही. दवाखान्यातल्या खाटेवरून तू बोलायचीस, मागं ट्रॉलीवरच्या भांड्यांचा आवाज यायचा. कुणीतरी विचारलं, आक्का, पाहुणे आलेत काय घरी? तू लिहिलंस, मीच पाहुणी आलेय एके ठिकाणी. ग्रुपातल्या कुणालाही तू आजार कळू दिला नाहीस.

इथंच आपलं भांडण झालं, आणि ते तसंच राहिलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ऊन खात बसली होतीस तू. सकाळच्या प्रार्थनेत पाटलाच्या सुनेचं बाळंतपण होतं, बँकेतल्या शिपायाची बदली होती, महादेवच्या पोरीचं कॉलेज होतं. मी विचारलं, तुझं नाव कुठाय त्यात? सगळ्या तालुक्यासाठी मागतेस आणि स्वतःसाठी तोंड उघडवत नाही?

"माझं मागणं हाय की माझ्यापाशी," तू म्हणालीस.

"कुठाय? मला तर ऐकू आलं न्हाई."

"तुला ऐकू यावं म्हणून मागतात व्हय रं?"

मी चिडलो. ग्रुपात सांग, शंभर तोंडं मागतील, म्हटलं. तू मान हलवलीस. मला वाटलं, हिनं आशा सोडली. नाहीतर हिचा विश्वास एवढा मोठा आहे की माझ्यासारख्याचं मागणं हिला नकोच आहे. दोन्ही गोष्टी मला सारख्याच लागल्या. मी सांगून टाकलं, तू स्वतःसाठी मागत नाहीस तोवर मी हजर म्हणणार नाही. आणि नाहीच म्हटलं. दवाखान्यात रोज तुझ्याजवळ बसायचो, मोसंबी सोलून द्यायचो, पण सकाळी तुझ्या वचनाखाली माझी जागा रिकामी ठेवायचो. तूही काय कमी होतीस का? प्रार्थनेच्या शेवटी म्हणायला लागलीस, साताऱ्याचा एक शिपाई सध्या गैरहजर आहे, त्याचीही सगळ्यांनी आठवण ठेवा. ग्रुपात कुणाला काही कळायचं नाही. मी सुभेदार झालो आणि तू मला परत शिपाई केलंस, म्हणून मी मोबाईल बघत हसायचो. पण लिहायचो नाही.

शेवटच्या दुपारी तू काही मोठं बोलली नाहीस. माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं बघितलंस आणि सुमनला लावायला सांग म्हणालीस. मग माझा हात धरून झोपलीस. आईच्या मागं तूच मला वाढवलंस, त्या सगळ्या वर्षांचं काहीतरी बोलायचं होतं मला. तू उठलीस की बोलू, म्हटलं.

तुझ्यामागं मी देवापुढं तोंड उघडलेलं नाही, आक्का. मंडळी तुझ्यासाठी गात होती तेव्हाही माझे ओठ मिटलेले होते. आता महादेव म्हणतो तुम्हीच बोला, पाळकसाहेब म्हणतात तुम्हीच बोला. ज्याला स्वतःपुरतं आमेन म्हणता येत नाही, त्यानं रोज पहाटे दुसऱ्यांना धीर द्यायचा? मी ठरवलं होतं, एकदा आष्ट्याला जाऊन तुझं घर झाडून कुलूप लावायचं आणि सगळ्यांना नमस्कार लिहून ग्रुप बंद करून टाकायचा.

काल त्यासाठीच गेलो होतो. घर झाडत होतो तेवढ्यात हणमंत आला. मातीला त्याला येता आलं नव्हतं, त्याच्या घरीही आजारपण होतं. पायरीवर बसला, चहा हातात धरून ठेवला. मग म्हणाला, "सुभेदार, माझंच कायतरी चुकलं बगा."

मला कळेना. त्यानं सांगितलं ते ऐकून मी त्याच्या शेजारी खालीच बसलो. तू त्याला दवाखान्यातून फोन करत होतीस. ग्रुपातल्या दुसऱ्या कुणालाही नाही, पाळकसाहेबांना नाही, मला नाही, हणमंताला. "ताई म्हणाल्या, भाऊ, मला लय भ्या वाटतंय. माझ्यासाठी मागशील का? बाळूला सांगू नको. त्यो माझ्याम्होरं हसत बसतो आन भायेर जाऊन रडतो, मला ठावं हाय. त्याच्यावर आनी माझं भ्या कशाला घालू."

हणमंतानं चहा पायरीवर ठेवला.

"मला तुमच्यातली प्रार्थना येत न्हाई. ताई म्हणाल्या, बाप म्हणून हाक मार, पुढचं त्यो बघतो. पर माझी जीभ वळंना. मग मी सकाळी मारुतीला उदबत्ती लावली की तिथंच हात जोडून म्हनायचो, ताईंच्या बापा, ताईंना बरं कर. रोज म्हनलो, सुभेदार. पर ताई गेल्या. मी काय चुकीचं बोललो का? दुसऱ्या कुनाला सांगितलं आसतं ताईंनी, तर झाल्या आसत्या का बऱ्या?"

आक्का, खरं सांगतो, आधी मला राग आला. सख्खा भाऊ उशाशी बसलेला असताना तू कडेगावला फोन लावलास. मग हणमंताकडं बघितलं. पलटणीत बर्फात कधी न डगमगलेला गडी, आपल्या मागण्यात खोट होती म्हणून बाई गेली, असं धरून बसला होता. आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं. तू असतीस तर तू बोलली असतीस. पाळकसाहेबही नव्हते. मीच होतो.

मी म्हटलं, "न्हाई हणमंता. तुझं कायसुदिक चुकलं न्हाई. त्यानं ऐकलं."

"मग ताई?"

"तिला भ्या वाटत हुतं म्हणालास न्हवं? शेवटच्या दिवसांत मी जवळच हुतो गड्या. भ्या न्हवतं तिच्या तोंडावर. माझ्या शर्टाचं बटण बघत हुती. भ्यालेलं माणूस बटण बघतंय व्हय? ते भ्या गेलं कुठं मग? तू मागितलंस म्हणून गेलं."

हे माझ्या तोंडून कसं आलं, मला ठाऊक नाही. बोलून झाल्यावर कळलं की मी हणमंताला सांगत होतो आणि माझ्याच कानांना पहिल्यांदा ऐकू येत होतं. तो डोळे पुसायला लागला. मीही लागलो. चहा दोघांचाही गार झाला. तू बघितलं असतंस तर दोघांनाही परत तापवून दिला असतास.

तर आपल्या भांडणाचा निकाल असा लागला. तू मागत होतीस. मला वाटलं होतं तसा तुझा विश्वास डोंगराएवढा नव्हता, तू भ्यायली होतीस, आणि भीत भीतच रोज पहाटे पाटलाच्या सुनेसाठी मोठ्यानं बोलत होतीस. आणि मी नुसता रुसून दाखवत होतो. मीही भ्यायलोच होतो गं. एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसून आपण दोघं एकच भीती एकमेकांपासून लपवत होतो, आणि तिकडं कडेगावात एक माणूस मारुतीपुढं उभा राहून ती दोघांचीही वाहत होता. माझ्यासाठी त्यानं मागितलं नव्हतं, पण काल माझीही हलकी झाली. तुझ्यावर माझी किती माया होती हे सांगायचं राहिलं. ते तुला ठाऊक होतं. तरी सांगतो, जवळ बसायला मिळतं म्हणून.

घराला कुलूप लावलं, ग्रुप बंद केला नाही.

आज पहाटे तुझा गजर झाला. सुमन कूस बदलून काहीतरी पुटपुटली. मी उठलो, तोंड धुतलं, आधण ठेवलं. तुझाच मोबाईल घेतला. वचन शोधायला तुझं शास्त्र उघडलं तर डोळ्यांपुढं अक्षरं हलायला लागली, म्हणून मिटून ठेवलं. बटण दाबून धरलं. साखर कुठल्या डब्यात असते तेवढंच डोक्यात येत होतं. चहा वर यायला लागला तेव्हा म्हटलं, "आक्काच्या बापा, आम्हाला तिची लय आठवण येते. जे भितात आणि सांगत नाहीत, त्यांच्याजवळ आज बस. साताऱ्याचा शिपाई हजर आहे." आणि आमेन म्हणून बटण सोडलं. चहा उतू गेला होता.

मी ओटा पुसायला घेतला. मग तुझ्या मोबाईलवर महादेवचं उत्तर आलं. 'राम राम सुभेदार. टेम्पोत ऐकू आलं न्हाई. उद्या जरा मोठ्यानं बोला.'